बटाट्यावरील बंबाखूचे रासायनिक नियंत्रण
बंबाखू ही हरितद्रव्य नसलेली, दुसऱ्या वनस्पतींच्या मुळांवर जगणारी सपुष्प परजीवी वनस्पती आहे. पूर्व भूमध्य सागरी प्रदेशात व मध्यपूर्वेत तिच्या फेलिपँकी ईजिप्टियाका व फे. रॅमोझा या जाती बटाट्यावर आढळतात. बी सु. ०.२ ते ०.३ मिमी. लांब असून जमिनीत अनेक वर्षे जिवंत राहते व पोषक मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यांची चाहूल लागल्यावरच रुजते. असे पहिले उत्तेजक द्रव्य, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळे करण्यात आले. परजीवीचा कोंब जमिनीवर दिसेपर्यंत पिकाची बरीचशी हानी झालेली असते. त्यामुळे खुरपणीचा उपयोग मर्यादित ठरतो.

प्रारंभी मिथिल ब्रोमाइडाच्या धुरीने जमीन निर्जंतुक करीत. हा उपाय परिणामकारक पण खर्चिक होता. ओझोन थराला पोहोचणाऱ्या हानीमुळे १९९२ मध्ये त्याचा समावेश माँट्रिऑल करारातील नियंत्रित द्रव्यांत झाला व पुढे त्याचा शेतीतील वापर बहुतेक थांबला.

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ मध्ये बाजारात आले. पानांवर फवारल्यावर ते परिकाष्ठातून अन्नरसाबरोबर मुळांकडे वाहते आणि तेथे चिकटलेल्या परजीवीपर्यंत पोहोचते. बाकल्याच्या पिकात त्याच्या अल्प मात्रेने बंबाखूचा बंदोबस्त करता आला. बटाट्यात मात्र तोच अन्नरस वाढत्या कंदांकडेही जातो. त्यामुळे कंद विकृत होण्याचा व बेण्याची उगवण बिघडण्याचा धोका असतो. परजीवीला मारणारा मार्गच येथे पिकाच्या मुळावर येतो.

सल्फोनिल यूरिया गटातील पहिले तणनाशक, क्लोरसल्फ्यूरॉन, १९८२ मध्ये विक्रीस आले. हा गट व इमिडॅझोलिनोन गट वनस्पतींतील विशिष्ट ॲमिनो अम्लांची निर्मिती रोखतात. सल्फोनिल यूरिया गटातील रिमसल्फ्यूरॉनाचे बटाट्याच्या झाडात जलद विघटन होत असल्याने पीक ते सहन करू शकते. इझ्राएलमधील प्रयोगांत (२००१ मध्ये प्रसिद्ध) या दोन गटांतील तणनाशके बटाट्यातील बंबाखूवर अजमावण्यात आली. बंबाखूचे बी हंगामभर टप्प्याटप्प्याने रुजत असल्यामुळे एका मोठ्या मात्रेऐवजी अल्प मात्रा विभागून देण्याची पद्धत पुढे आली.

तणनाशकांनी त्या हंगामातील पीक वाचविता येते. जमिनीतील सुप्त बियांचा साठा मात्र त्यांनी नष्ट होत नाही. म्हणून स्वच्छ बेणे, अवजारांची सफाई, योग्य फेरपालट व बी धरण्यापूर्वी बंबाखू उपटून टाकणे यांची जोड रासायनिक उपायांना द्यावीच लागते.