पुण्याची कोतवाली

घाशीराम कोतवालाचे नाव आज पुष्कळांस विजय तेंडुलकरांच्या १९७२ सालच्या नाटकामुळे ठाऊक असते. नाटक हे नाटकच. परंतु पुण्याची कोतवाली ही इतिहासातील खरी संस्था होती, आणि तिचा धडा आजही शिळा झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

पेशवाईतील कोतवाल म्हणजे केवळ चोर धरणारा अंमलदार नव्हे. बाजारभावांवर नजर ठेवणे, रस्ते, गल्ल्या व घरे यांचे तंटे तोडणे, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे, सरकारकामास मजूर पुरविणे, ही सारी कामे त्याच्या चावडीकडे असत. रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यात आढळणारास गस्तवाले धरीत व सकाळपर्यंत अडकवून ठेवीत. बंदोबस्त चोख होता. नागरिक निर्धास्त झोपत असतील, यात नवल नाही.

घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण. १७७७ साली कोतवाली त्याच्याकडे आली व चौदा वर्षे राहिली. नाना फडणिसांचा त्याच्यावर विश्वास होता. १७९१ च्या ऑगस्टअखेर त्याच्या माणसांनी काही तेलंगी ब्राह्मणांस धरून कोंदट जागेत कोंडले. त्यांपैकी एकवीस जण गुदमरून मेले. शहर खवळले, जमाव नानांच्या दाराशी गेला, आणि ३१ ऑगस्टला कोतवाल जमावाच्या हाती पडून दगडांखाली ठार झाला.

लोक या कथेत एका दुष्टाचा अंत पाहतात. आम्हांस त्यात दोन अन्याय दिसतात. धरणारा तोच, कोंडणारा तोच, तंटा तोडणाराही तोच. मग मध्यरात्री कोंडलेल्याने दाद कोणाकडे मागावी? हा पहिला अन्याय. दुसरा असा की, ज्या शहराने चौदा वर्षे जाब विचारण्याची वाट ठेवली नाही, त्याने शेवटी दगडांनी जाब विचारला. तो सूड होता, न्याय नव्हे. कोतवाल मेला, म्हणून अधिकारास लगाम लागला असे होत नाही.

तो लगाम १९५० साली आपल्या संविधानाने घातला. बाविसाव्या अनुच्छेदान्वये अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाचा सल्ला घेऊ द्यावा लागतो, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत बंद्यास दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू प्रकरणात त्यास आणखी बळ दिले: अटकेचा कागद साक्षीदाराच्या सहीने व्हावा, आणि अटकेची वार्ता आप्तेष्टांस मिळावी. त्या रात्री पुण्यात यांपैकी एक जरी वाट उघडी असती, तरी कदाचित ते जीव वाचले असते.

जत्रेच्या गर्दीत देवळाच्या महाद्वाराशी उभ्या असलेल्या शिपायाचे उपकार आम्ही मानतोच. पण ज्याच्या हाती कुलूप आहे त्याला किल्लीचा हिशेब विचारणे हाही नागरिकाचा धर्म आहे. आणि तो हिशेब दगडाने नव्हे, कायद्याने विचारावा.