ड्रेडेड बॅटर पुडिंग हर्लर ऑफ बेक्सहिल-ऑन-सी, द

बीबीसीच्या ‘द गून शो’ या रेडिओ विनोदमालिकेच्या पाचव्या पर्वातील तिसरा भाग. पहिले प्रसारण १२ ऑक्टोबर १९५४. लेखक स्पाइक मिलिगन, निर्माता पीटर ईटन. मुख्य पात्रांचे आवाज मिलिगन, पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम या तिघांचे.

मालिका २८ मे १९५१ रोजी ‘क्रेझी पीपल’ या नावाने सुरू झाली. तेव्हा मायकेल बेंटाइन हा चौथा ‘गून’ (मालिकेचा प्रमुख कलाकार) होता आणि कार्यक्रमात सुटे प्रहसन-तुकडे असत. दुसऱ्या पर्वानंतर बेंटाइन बाहेर पडला. हळूहळू अर्ध्या तासात एकच कथा, अधेमधे मॅक्स गेल्ड्रेचा माउथ ऑर्गन आणि रे एलिंग्टनच्या चौकडीचे गाणे, असा साचा ठरला. प्रस्तुत भाग याच साच्यातला. सुरुवातीच्या पर्वांची बहुतेक ध्वनिमुद्रणे नष्ट झाली, हा मात्र सुदैवाने टिकला.

कथा १९४१ सालची. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बेक्सहिल गावात युद्धकालीन ‘ब्लॅकआउट’ (शत्रूला काही दिसू नये म्हणून दिवेबंदी) चालू आहे. हेन्री क्रन (सेलर्स) आणि मिनी बॅनिस्टर (मिलिगन) हे जख्खड जोडपे अंधारात फिरायला निघाले असता मिनीच्या अंगावर बॅटर पुडिंग येऊन आदळते. हे पुडिंग म्हणजे मैदा, अंडी आणि दूध एकत्र करून धिरड्यासाठी भिजवावे तसे पातळ पीठ तयार करायचे आणि ते भट्टीत फुलवायचे. अंगावर काय पडले ते पाहण्यासाठी काडी ओढावी, तर समुद्रावरून जर्मन तोफेचा गोळा येतो. पुढे असे हल्ले वाढत जातात आणि नेडी सीगून (सीकम) तपासाला लागतो. शोध त्याला सैन्याच्या मागोमाग थेट उत्तर आफ्रिकेपर्यंत नेतो. अखेरीस त्याच्यावर होडीत उपासमारीची वेळ येते आणि खाण्याजोगे एकच उरते: गुन्ह्याचा पुरावा असलेले पुडिंग! हा पेच सोडवण्याच्या फंदात मिलिगन पडत नाही. ज्यांना गोड शेवट हवा त्यांच्यासाठी निवेदक वॉलेस ग्रीनस्लेड गंभीर सरकारी आवाजात तसा शेवट जाहीर करतो आणि लगोलग लग्नाच्या आणाभाका होऊन जातात.

गुप्तहेरकथेचे विडंबन हे या भागाचे वरवरचे रूप. खरे बळ अंधाराच्या वापरात आहे. पात्रांना काही दिसत नाही आणि श्रोत्यालाही. पुडिंगचा ‘फच्च’ आवाज, काडी ओढल्याची खरखर, लगोलग स्फोट, एवढ्यावर दृश्य उभे राहते. चित्रवाणीवर हाच प्रसंग निम्माही रंगला नसता. ध्वनिपरिणाम ही सजावट न राहता विनोदाचा अर्धा संवादच होतो, हे मिलिगनचे मोठे काम.

बेक्सहिलची निवडही उगाच नाही. तोफखान्याच्या ५६व्या हेवी रेजिमेंटमधील जवान म्हणून मिलिगन १९४० पासून याच किनाऱ्यावर तैनात होता. तेथून त्याची तुकडी १९४३ मध्ये अल्जीरियाला गेली. म्हणजे सीगूनचा प्रवास हा लेखकानेच केलेला प्रवास. पुढे १९४४ मध्ये इटलीत तो जखमी झाला. लष्कराशी त्याचा संबंध त्याहून जुना: वडील ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात असल्याने मिलिगनचा जन्म अहमदनगरचा (१६ एप्रिल १९१८) आणि बालपणाचा मोठा काळ पुण्याच्या लष्कर भागातला. मेजर ब्लडनॉक (सेलर्स) हा मालिकेतील लाचखोर, पळपुटा आणि पोटाच्या तक्रारींनी हैराण असलेला अधिकारी छावणीतल्या साहेबांना जवळून पाहिलेल्या माणसानेच लिहावा असा आहे.

या भागाची संहिता १९७२ साली ‘द गून शो स्क्रिप्ट्स’ या संग्रहात छापली गेली. ती नुसती वाचली तर बरीच सपाट वाटते. ध्वनिमुद्रण ऐकणेच इष्ट.