एक लिहिला की शून्य होतो

मंचरहून पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेकडे निघालो की नारायणगाव लागते आणि तेथून पूर्वेला खोडद. येथील जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. २००१ मध्ये या दुर्बिणीचे लोकार्पण झाले. नंतरच्या सुधारणेत तेथे एफपीजीए चिपांचे बोर्ड बसवले गेले. संगणक या बोर्डांना हुकूम देतो तो त्यांच्या रजिस्टरांत आकडे लिहून. आपल्या शाळेतील संगणकाचा यूएसबी पोर्टही याच रीतीने चालतो.

रजिस्टर हा शब्द शिक्षकांना नवा नाही. हार्डवेअरचे रजिस्टर म्हणजे ० किंवा १ मावणाऱ्या घरांची एक ओळ. १९७० मध्ये आलेल्या पीडीपी-११ संगणकात उपकरणांच्या रजिस्टरांना स्मृतीतील घरांसारखेच पत्ते दिले होते. त्यामुळे उपकरणाशी बोलणे म्हणजे ठरावीक पत्त्यावर वाचणे-लिहिणे झाले. सोय मोठी झाली, पण रजिस्टर म्हणजे स्मृतीच, असा गैरसमज होण्यालाही वाव मिळाला. स्मृतीत लिहिलेले तसेच राहते. रजिस्टरात लिहिले की काहीतरी घडते.

यूएसबीचा पहिला आराखडा १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेगवान यूएसबी २.० साठीचा ईएचसीआय हा नियंत्रक २००२ मध्ये निश्चित झाला. त्यात प्रत्येक पोर्टला ३२ घरांचे एक रजिस्टर असते. त्यातील तीन घरे बातमीची आहेत. उदाहरणार्थ, कोणी उपकरण जोडले वा काढले, की त्यांपैकी एक घर १ होते. बातमी वाचल्याची पोच म्हणून प्रोग्रामने त्याच घरात १ लिहायचा. मग ते ० होते. हा उलटा नियम का? कारण आपण वाचत असताना दुसरी बातमी आली, तर ती पुसली जाऊ नये. जी पाहिली तेवढीच पुसावी.

पण याच रजिस्टरात पोर्ट रीसेट करण्याचे घरही आहे. ते बदलण्यासाठी ड्रायव्हर सगळी ओळ वाचतो, एक घर बदलतो आणि ओळ परत लिहितो. बातमीच्या घरात १ असेल, तर तोही परत लिहिला जातो आणि न हाताळलेली बातमी पुसली जाते. उपकरण जोडलेले आहे, पण संगणकाला पत्ताच नाही! चूक दर वेळी दिसत नाही, म्हणून ती शोधणे कठीण. लिनक्सच्या ईएचसीआय ड्रायव्हरमधील उपाय साधा आहे: ओळ परत लिहिण्यापूर्वी बातमीच्या तिन्ही घरांत ० ठेवायचा. येथे शून्याचा अर्थ 'हात लावू नका'.

वर्गात आठ मुलांना ओळीत उभे करून हा खेळ करता येईल. हात वर म्हणजे १. नियम न सांगता ओळ 'जशीच्या तशी' परत लिहायला सांगा. बातमी कोठे हरवली, हे मुलांनाच शोधू द्या.