संगणक व मोबाइल मंदावणे : निदान आणि उपाय

चालू केलेला संगणक कामाजोगा व्हायला कित्येक मिनिटे लागणे, मोबाइलवर टंकलेले अक्षर पडद्यावर उशिरा उमटणे, ॲप उघडता उघडता संच हँग होणे, अशा तक्रारींचे कारण वापरणाऱ्याने स्वतः शोधून दूर करणे हा या नोंदीचा विषय आहे. मंदपणा हे लक्षण आहे आणि अगदी वेगवेगळ्या कारणांनी ते सारखेच दिसते. प्रोसेसर, रॅम, साठवण, वीज व उष्णता आणि नेटवर्क या पाचांपैकी एकाची क्षमता अपुरी पडली, की उरलेले चौघे त्याच्यासाठी खोळंबतात. जो घटक अडलेलाच नाही, त्याच्यावर केलेला खर्च म्हणूनच वाया जातो. मोजमाप आधी आणि उपाय नंतर, हा क्रम पाळला तर बहुतेक संचांचे निदान घरच्या घरी होऊ शकते.

या घटकांच्या वेगांत प्रचंड तफावत असते. रॅममधील माहिती प्रोसेसरला साधारण १०० नॅनोसेकंदांत मिळते, एसएसडीला त्यासाठी सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, तर फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला जवळजवळ १० मिलिसेकंद, म्हणजे रॅमच्या लाखपट वेळ. रॅम भरली की संचालन प्रणाली तिच्यातील काही भाग डिस्कवर हलवते आणि लागेल तसा परत आणते. अशा वेळी प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तो डिस्कची वाट पाहत बसतो. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्यावर उघडणारा टास्क मॅनेजर हे स्पष्ट दाखवतो. मॅकवर ॲक्टिव्हिटी मॉनिटर आणि लिनक्सवर ‘टॉप’ ही आज्ञा हेच काम करते. प्रोसेसरचा वापर जेमतेम आणि डिस्कचा मात्र सतत १०० टक्के दिसत असेल, तर अडचण साठवणीत किंवा अपुऱ्या रॅममध्ये आहे. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर तो इतका सुधारतो, त्याचे कारण हेच. याउलट प्रोसेसरच सतत राबत असेल, तर कोणता प्रोग्रॅम त्याला राबवतो हे त्याच यादीत दिसते. तो अनोळखी असेल तर विषाणूची तपासणी करावी. यंत्र तापलेले आणि पंखा घोंघावत असेल, तर स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरनेच वेग कमी केलेला असू शकतो आणि तेथे उपाय धूळ काढण्याचा आहे.

मोजमापाचे महत्त्व दाखवणारे ठळक उदाहरण आयफोनचे आहे. जुने आयफोन मंदावतात ते कंपनीला नवे विकायचे असतात म्हणून, असा समज अनेक वर्षे होता, पण तो सिद्ध वा असिद्ध करायला कोणाच्या हाती काही नव्हते. डिसेंबर २०१७ मध्ये बॅटरी बदलताच फोनचा वेग परत आल्याचे एका वापरकर्त्याने चाचणीच्या आकड्यांसह दाखवले. पाठोपाठ ‘गीकबेंच’ ही वेगचाचणी बनवणाऱ्या प्रायमेट लॅब्सचे जॉन पूल यांनी अनेक फोनांचे निकाल मांडले. संचालन प्रणालीच्या १०.२.१ या आवृत्तीपासून आयफोन ६एसचे बरेच संच एकाएकी खालच्या वेगांवर गेलेले त्यात दिसत होते. त्यानंतर ॲपलने खुलासा केला : बॅटरी जुनी झाली की तिचा अंतर्गत रोध वाढतो, प्रोसेसरने अचानक जास्त वीज मागितली तर फोन बंद पडतो, आणि ते टाळण्यासाठी वेगावर मर्यादा घातली होती. हे न सांगता केल्याबद्दल कंपनीने माफी मागितली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ डॉलरवर आणला आणि २०१८ मध्ये बॅटरीची स्थिती फोनवरच पाहण्याची सोय दिली. म्हातारा ठरवलेल्या फोनला नव्या प्रोसेसरची गरज नव्हती, नव्या बॅटरीची होती. हा फरक नजरेला कळला नाही, तो आकड्यांनी दाखवला.

अँड्रॉइड फोनमध्ये साठवण हे अधिक सामान्य कारण आहे. फ्लॅश स्मृतीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण खंड पुसावा लागतो. मोकळी जागा थोडी उरली की ही पुसापुशी लिहिण्याच्या वेळीच करावी लागते आणि फोन अडखळतो. टाकून दिलेली जागा फावल्या वेळात पुसून ठेवण्याची ‘ट्रिम’ ही सोय अँड्रॉइडमध्ये २०१३ च्या ४.३ आवृत्तीपासून आली, पण ती साठवणीत जागा असेल तरच उपयोगी. भारतात ही जागा बऱ्याचदा व्हॉट्सॲपवर आपोआप उतरणारी सुप्रभातची चित्रे आणि व्हिडिओ खातात. त्यांचे ऑटो-डाउनलोड बंद करणे आणि साठवणीचा दहावा तरी हिस्सा मोकळा ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे.

एवढा खटाटोप कशाला, क्लीनर किंवा बूस्टर ॲपने एका बटणात काम होते, असा आक्षेप घेतला जातो. अँड्रॉइड अलीकडे वापरलेली ॲप मुद्दाम रॅममध्ये ठेवते, म्हणजे ती पुन्हा झटकन उघडतात आणि जागा लागली की प्रणाली त्यांना स्वतःच काढते. बूस्टर त्यांना सरसकट बंद करतो, मग ती पहिल्यापासून सुरू करावी लागतात, त्यात वेळ आणि बॅटरी दोन्ही जातात. मोकळी दिसणारी रॅम हा वेगाचा पुरावा होत नाही. दुसरा आक्षेप असा, की बंद करून चालू केले की सगळे ठीक होते. अडकलेले प्रोग्रॅम त्याने सुटतात, हे खरे. मात्र विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा जतन होतो आणि पुढच्या वेळी तसाच उघडतो. नवी सुरुवात हवी असेल तर रीस्टार्टच निवडावे लागते. रोज रीस्टार्ट करावे लागत असेल, तर कारण कायम आहे असे समजावे.

सर्वांत वजनदार आक्षेप असा : सॉफ्टवेअर जड होतच जाणार, मग फॉरमॅट मारावा किंवा नवा संच घ्यावा, निदानात वेळ का घालवावा? पहिल्या भागात तथ्य आहे. सॉफ्टवेअर मंदावण्याचा वेग हार्डवेअर वेगवान होण्याच्या वेगापेक्षा जास्त असतो, हे निरीक्षण संगणकशास्त्रज्ञ निक्लाउस विर्त यांनी १९९५ मध्येच नोंदवले होते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. सुरक्षा अपडेट न मिळणारा संच बदलणे रास्तच आहे. पण निष्कर्ष चुकतो. फॉरमॅटने अनावश्यक प्रोग्रॅम जातात, धूळ साचलेला पंखा किंवा थकलेली बॅटरी नाही. हार्ड डिस्क खराब होत असेल तर फॉरमॅट मारल्यावर माहिती जाते आणि मंदपणा राहतो. नवा संच घेण्याचा निर्णयही निदानानंतर घेतला तरच योग्य ठरतो.

म्हणून क्रम असा ठेवावा : प्रथम महत्त्वाच्या फायली आणि फोटोंचा बॅकअप घ्यावा. मग इंटरनेट न लागणारे एखादे ॲप उघडून पाहावे. तेही रखडले तर दोष संचात, नाहीतर बहुधा नेटवर्कमध्ये. त्यानंतर अडलेला घटक शोधून एका वेळी एकच बदल करावा आणि आधीचा व नंतरचा वेळ लिहून ठेवावा. अनेक बदल एकदम केले तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही. बॅटरी फुगलेली असेल किंवा हार्ड डिस्क टकटक आवाज करत असेल, तर संच ताबडतोब बंद करावा आणि तंत्रज्ञाकडे न्यावा. इतर प्रसंगी दुकानात जावे लागलेच, तर ही मोजमापे सोबत न्यावीत. कोणता भाग बदलायचा हे ग्राहकाला आधीच ठाऊक असले, की अनावश्यक दुरुस्तीचे पैसे वाचतात.