लव्हाळा : औषधापासून तणापर्यंत

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील उमापूर हे गाव अवर्षणप्रवण पट्ट्यात येते. अशा भागात ओलीवर माजणाऱ्या तणाची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणालाही पडेल. पण या तालुक्यातील शेतकऱ्याला लव्हाळा नवा नाही. पाटाच्या कडेला, उसाच्या सरीत, पाणी मुरते त्या सखल कोपऱ्यात तो हटकून दिसतो. तो इतका का माजला, याचे उत्तर इतिहासात सापडते आणि त्याला आवरण्याची वाटही तिथेच सापडते.

प्रथम ओळख करून घेऊ. लव्हाळा गवतासारखा दिसतो, पण तो गवत नव्हे. गवताची काडी गोल, बहुधा पोकळ आणि पेरांची असते. लव्हाळ्याचा फुलोरा धरणारा दांडा भरीव, बिनपेरांचा आणि तीन धारांचा असतो. तो चिमटीत फिरवला की या धारा बोटांना लगेच जाणवतात. पानेही तीन रांगांत येतात. याचे कुल सायपरेसी. प्राचीन इजिप्तमध्ये ज्यापासून लेखनपट बनवीत, तो पपायरस याच कुलातला. लिनिअसने १७५३ साली लव्हाळ्याला ‘सायपरस रोटुंडस’ हे नाव दिले.

पण तीन धारा दिसल्या म्हणजे लव्हाळाच, असे नाही. भातखाचरात व डबक्याकाठी ‘सायपरस इरिया’ आणि ‘सायपरस डिफॉर्मिस’ ही भावंडे वाढतात. त्यांना केवळ तंतुमय मुळे असतात, गाठी नसतात. ती बियांपासून येतात, म्हणून फुलोऱ्याआधी उपटली की काम भागते. लव्हाळ्याचे तसे नाही. त्याचे बी क्वचितच रुजते. त्याचा सारा संसार जमिनीखालच्या काळपट, सुवासिक गाठींवर चालतो. म्हणून ओळख पटवायची तर उपटून नव्हे, खणून पाहावे.

याच गाठी म्हणजे आयुर्वेदातील मुस्ता, आपला नागरमोथा. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत तिचा औषधी उपयोग आहे. कालिदासाच्या ‘शाकुंतला’त रानडुकरे डबक्यात मुस्ता उकरतात, म्हणजे ही वनस्पती कुठे वाढते हे त्या काळी चांगले ठाऊक होते. सुदानमधील अल खिदाय येथील प्राचीन माणसांच्या दातांवरील किटणाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथील लोक शेती सुरू होण्यापूर्वीपासून लव्हाळ्याच्या गाठी खात असत, असे त्यातून दिसले. आणि १९७७ साली जगातील सर्वांत उपद्रवी तणांवर जो प्रसिद्ध ग्रंथ निघाला, त्यात पहिला क्रमांक लागला तो याच वनस्पतीचा!

असे का व्हावे? तुकोबांनी महापुरातही टिकणाऱ्या लव्हाळ्याचा दाखला नम्रतेसाठी दिला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या तणाच्या टिकावाचे गमक जमिनीखाली आहे. त्याच्या गाठी बारीक भूमिगत खोडाने साखळीसारख्या जोडलेल्या असतात. टोकाची गाठ फुटते तेव्हा मागच्या गाठींवरचे डोळे बरेचसे निद्रिस्त राहतात. खुरप्याने साखळी तुटली की हे डोळे जागे होतात. ‘खुरपावा तितका वाढतो’ ही बायाबापड्यांची तक्रार म्हणूनच शास्त्राला धरून आहे.

या गाठींचा खरा शत्रू म्हणजे कोरडेपणा. उघड्यावर कडक उन्हात त्या काही दिवसांत सुकून मरतात. लाकडी नांगर जमीन फारशी उलथवत नसे. १९०३ साली किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते या समजुतीने शेतकरी तो घेईनात. पण ढेकळे उलटी करून गाठी उन्हात आणणे त्या नांगराने सोपे झाले. कोरडवाहू ज्वारीच्या रानात उन्हाळाच निम्मे काम करी.

कालव्याने हा उन्हाळा हिरावून घेतला. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली झाली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. पैठणहून निघणारा १३२ किलोमीटरचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावकडे जातो. बारमाही ऊस आला आणि मोकाट पाणी देण्याची सवय लागली. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो. त्यामुळे गाठींना वर्षभर ओल मिळू लागली. वास्तविक हा धडा जुना होता. नीरा कालव्यावर चिबड व खारवट झालेल्या जमिनींचा अभ्यास हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी १९१० सालीच मांडला होता.

मग रसायने आली. १९४० च्या दशकातील ‘टू-फोर-डी’ने पाला जळे, पण निद्रिस्त गाठी शाबूत राहत. १९७४ साली बाजारात आलेले ग्लायफोसेट पानांतून गाठीपर्यंत पोहोचते, पण झोपलेल्या गाठींवर त्याचाही पुरेसा परिणाम होत नाही. शिवाय २०२२ साली केंद्र सरकारने त्याच्या वापरावर निर्बंध घातले. उसात हॅलोसल्फ्युरॉन मिथाइलचा उपयोग होतो, पण तेही निचऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

सारांश, चर काढून निचरा करणे, पाणी बेताने देणे, उन्हाळी खोल नांगरट करून गाठी वेचणे आणि ताग किंवा चवळीसारख्या दाट पिकाची सावली धरणे, हे उपाय एकत्रच करावे लागतात. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. एका हंगामात तो जाईल, अशी आशा मात्र धरू नये.

शिक्षकांनी एक प्रयोग अवश्य करावा. लव्हाळ्याच्या वीस गाठी घ्याव्यात. दहा ओल्या मातीच्या कुंडीत लावाव्यात. दहा दोन आठवडे उन्हात वाळवून मग दुसऱ्या कुंडीत लावाव्यात. किती कोंब आले, ते मुलांनी रोज मोजावे. ज्या जिल्ह्यात पाण्याच्या थेंबाथेंबाचे मोल आहे, तिथे जास्त झालेले पाणी तण कसे पोसते, हे मुलांना स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवरून कळेल.