परभणीतून रेसिडेन्सीकडे

हैदराबादच्या कोटी भागात, मुसी नदीच्या उत्तरेला, उंच कॉरिंथियन खांबांची एक भव्य हवेली आहे. निजामाच्या दरबारातला ईस्ट इंडिया कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट, तिथे राहत असे. जेम्स ॲकिलिस कर्कपॅट्रिक या पदावर असताना, 1803 च्या सुमारास, मद्रास इंजिनिअर्समधल्या सॅम्युएल रसेलच्या आराखड्यावरून तिचे बांधकाम सुरू झाले. खर्च निजामाने केला. दर्शनी पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना सिंह, माथ्यावर कंपनीची राजमुद्रा, आत दरबार हॉल. कर्कपॅट्रिक आणि खैरुन्निसा यांच्या विवाहाची कथा आता जगभर वाचली जाते, आणि या वास्तूकडे येणारा बहुतेक वाचक त्याच दाराने येतो. ते दार चांगलेच आहे. पण परभणी जिल्ह्यातल्या अभ्यासकाला आणखी एक दार खुले आहे, आणि ही प्रस्तावना त्याच्यासाठी आहे.

पुण्यातली रेसिडेन्सी मराठी वाचकाला अधिक ओळखीची. चार्ल्स मॅलेट 1786 मध्ये तिथला पहिला रेसिडेंट झाला. 5 नोव्हेंबर 1817 रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरचा तो बंगला जळाला. घर गेले, पण त्याचा पत्रव्यवहार जदुनाथ सरकार आणि गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाने ग्रंथरूपात आला. हैदराबादला घर टिकले. म्हणून तिथे अभ्यासक आधी इमारत पाहतो, खांब आणि झुंबरे पाहतो, आणि या दिवाणखान्यातल्या निर्णयांनी दूरच्या गावात काय घडले हा प्रश्न मागे राहतो. माझ्या मते तोच पहिला प्रश्न असायला हवा.

हेन्री रसेल 1811 ते 1820 या काळात रेसिडेंट होता. त्याने निजामाच्या पैशाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली, फौज उभी केली. 1819 मध्ये हटकर सरदार नौसाजी नाईक यांच्या गढीला वेढा पडला, तो याच फौजेचा. पुढे ती हैदराबाद कंटिन्जंट म्हणून ओळखली गेली आणि हिंगोलीला तिची छावणी होती. हिंगोली 1 मे 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, हे नव्या पिढीच्या वाचकाने ध्यानात ठेवावे. फौजेच्या पगारासाठी निजाम सरकारने पामर कंपनीकडून जबर व्याजाने कर्ज काढले. रसेलनंतर आलेल्या चार्ल्स मेटकाफने त्या सावकारीला आळा घातला आणि महसुलाच्या व्यवस्थेवर लक्ष ठेवायला मुलखात इंग्रज अधिकारी नेमले. शेतसाऱ्याचा प्रश्न असा थेट रेसिडेन्सीशी जोडला गेला.

फौजेच्या खर्चाचे ओझे मात्र उतरले नाही. कंटिन्जंटच्या थकलेल्या पगारापोटी 1853 च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेले. जिंतूरहून लोणारला जाणारा शेतकरी तेव्हापासून एका अमलातून दुसऱ्या अमलात जाऊ लागला. 1902 मध्ये वऱ्हाड वर्षाला 25 लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमचे इंग्रजांकडे राहिले. आणि 1947-48 मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्टेट काँग्रेसची सरहद्दीवरची केंद्रे उभी राहिली ती याच रेषेपलीकडे, उमरखेडसारख्या ठिकाणी. निजामाचे पोलीस जिथे येऊ शकत नव्हते ती जागा त्या जुन्या तहाने तयार करून ठेवली होती. हा धागा मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.

तसाच प्रकार हवेलीच्या भोवतीही दिसतो. रेसिडेन्सी बाजारावर निजामाचा नव्हे, रेसिडेंटचा अंमल चाले. 1933 मध्ये तो भाग निजामाकडे परत गेला आणि सुलतान बाजार झाला. रेसिडेंटच्या अमलाखालच्या मोकळीकीत सार्वजनिक संस्थांनी मूळ धरले. 1892 मध्ये आर्य समाज, 1901 मध्ये तेलुगू भाषकांचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम. वसमत भागातून हैदराबादला गेलेले केशवराव कोरटकर आर्य समाजाच्या आणि विवेकवर्धिनी या मराठी शिक्षणसंस्थेच्या कामात अग्रभागी होते. रेसिडेन्सीच्या दारावर 17 जुलै 1857 रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन हल्ला घेऊन गेले होते, हेही विसरू नये. परकी सत्तेचे घर आणि सभोवतालची मोकळीक, दोन्ही खरे आहे. एकासाठी दुसरे झाकणारा अभ्यास अपुरा राहील.

स्वातंत्र्यानंतर भारत सरकारचे प्रतिनिधी म्हणून कन्हैयालाल मुन्शी हैदराबादला आले. ते या हवेलीत नव्हे, बोलारमला राहिले. 1949 पासून हवेलीत मुलींचे महाविद्यालय भरू लागले आणि अलीकडे तिचे जतनही झाले आहे.

या क्षेत्रात येणाऱ्याने तीन गोष्टींची तयारी करावी: इंग्रजी पत्रव्यवहार वाचण्याची, फारसी-उर्दू दफ्तराशी ओळख करून घेण्याची आणि मोडी शिकण्याची. पहिल्या दोहोंसाठी दिल्लीचे राष्ट्रीय अभिलेखागार आणि हैदराबादचे राज्य अभिलेखागार आहे. सरोजिनी रेगाणी यांचा निजाम-ब्रिटिश संबंधांवरचा ग्रंथ आणि अनंत भालेराव यांचे मुक्तिसंग्रामावरचे लेखन सुरुवातीला हाताशी ठेवावे. मोडीसाठी मात्र परभणीकराला लांब जावे लागत नाही. मराठवाड्यातल्या देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांत वसुलीचे जुने कागद आहेत. मेटकाफच्या वर्षांतला, 1820 ते 1825 चा, एखाद्या गावाचा ताळेबंद हाती आला तर तिथूनच सुरुवात करावी.