प्लेगचा झाडूवाला आणि कोविडचा घंटागाडीवाला

प्लेग म्हटलं की आपल्याला पुणे, रँड आणि चापेकर बंधू आठवतात. २२ जून १८९७ ची ती रात्र शाळेतच शिकवली जाते. पण त्याच्या आठ महिने आधी मुंबईत जे घडलं, ते फारसं कुणी सांगत नाही.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रुग्ण ओळखले. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी कडक हुकूम काढला. त्यानुसार पालिकेची माणसं कुठल्याही घरात शिरू शकत होती, रुग्णाला जबरदस्तीने उचलून इस्पितळात नेऊ शकत होती. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. दुसऱ्याच दिवशी स्नो साहेबांनी हुकूम सैल केला. घरात नीट वेगळं ठेवता येत असेल, तर रुग्णाला घरीच राहू द्या, असं ठरलं.

साहेब नमले ते फक्त जमावाला भिऊन नाही. त्यांना दुसरी एक भीती होती. शहरातले झाडूवाले आणि मैला वाहणारे, ज्यांना तेव्हाच्या दप्तरात 'हलालखोर' म्हणत, तेही या जबरदस्तीला घाबरून पळाले तर? तेव्हा घरोघरचा मैला हातानेच उचलला जाई. चार दिवस काम थांबलं असतं तर मुंबई राहण्यालायक उरली नसती. शेठ-सावकार गेले तर शहर तगतं, पण झाडूवाला गेला तर तगत नाही, हे इंग्रज अधिकाऱ्याला कळून चुकलं होतं.

म्हणजे या माणसांची किंमत सरकारला १८९६ पासून ठाऊक आहे. ती मोजायची वेळ आली की मात्र हात आखडतो.

आता २०२० मध्ये या. लॉकडाऊनमध्ये कामावर येणाऱ्यांना मुंबई महापालिकेने रोज ३०० रुपये भत्ता जाहीर केला. आशा ताईंना केंद्राने कोविड कामाचे महिन्याला १००० रुपये ठरवले, म्हणजे दिवसाला ३३ रुपये. त्यांना तर कर्मचारी म्हणूनही कुणी धरत नाही, 'स्वयंसेविका' म्हणतात! जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, तेव्हा कुठे मानधनात १००० ची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मान्य झाला. १८९६ चाच धडा. पळून जाल ही भीती वाटली, की सरकार ऐकतं.

कुणी म्हणेल, ५० लाखांचं विमा कवच होतं की. होतं, आणि ते चांगलंच होतं. राज्याच्या निर्णयात कागदावर कंत्राटी कामगारही होते. पण ते पैसे माणूस गेल्यावर मिळणार, तेही तो कोविड ड्यूटीवर होता हे घरच्यांनी सिद्ध केल्यावर. सफाई कामगारांसाठीची लाड-पागे समितीची वारसा नोकरीची सवलतसुद्धा तशीच. बाप निवृत्त झाला किंवा गेला, की मुलाच्या हातात झाडू. त्या नोकरीने हजारो घरं उभी राहिली, हे खरंच. पण जिवंत माणूस आज जी जोखीम घेतो, तिचे पैसे आजच्या पगारात कुठे आहेत?

इथे माझीही एक चूक कबूल करतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या गावात घंटागाडीवाल्या पोरांवर लोकांनी फुलं उधळली. मी फोटो काढला, बातमी छान लागली. त्यातला एक जण मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "भाऊ, फुलं राहू द्या, ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार दिला नाही, ते लिहा." तेव्हा वातावरण चांगलं होतं, म्हटलं नंतर लिहू. ते नंतर कधी आलंच नाही.

म्हणून आज लिहितोय. साथ आल्यावर भीतीपोटी दिलेला भत्ता साथ ओसरली की बंद होतो. तो आधीच लिहून ठेवायला हवा. नगरपालिका सफाईचा ठेका देते तेव्हा निविदेत चारच अटी टाकता येतील. साथ जाहीर झाल्या दिवसापासून जोखीम भत्ता, कायम-कंत्राटी भेद न करता. पगार थेट बँक खात्यात, ठरल्या तारखेला. हजेरीची एक प्रत कामगाराच्या हातात, म्हणजे उद्या विधवेला पुरावा शोधत फिरावं लागणार नाही. आणि आजारी पडला तर पगारी रजा.

यासाठी दिल्लीला जायची गरज नाही. ठेक्याची फाईल आपल्याच नगरपालिकेत असते. आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एवढंच विचारा, "पुढच्या निविदेत या अटी आहेत का?" काय उत्तर मिळालं ते खाली कमेंटमध्ये लिहा. या वेळी मी ते छापतो.